कात्री तिची, झुरका दुसऱ्याचा

सोलापूर म्हटले की महाराष्ट्रातल्या घराघरांत पहिली आठवण होते ती चादरीची. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलेली, पाहुण्यांसाठी कपाटात घडी घालून ठेवलेली, वर्षानुवर्षे धुऊनही न विटणारी जाड चादर. त्यापाठोपाठ शेंगदाण्याची तिखट चटणी, कडक भाकरी आणि मकरसंक्रांतीला भरणारी सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. याच शहराची आणखी एक ओळख आहे, पण ती कोणी भेट म्हणून बांधून नेत नाही. ती पानाच्या टपरीवर बंडलात मिळते आणि काही मिनिटांत राख होते. ती म्हणजे विडी.

ही विडी ओढणारा बहुधा पुरुष असतो आणि तो देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात असू शकतो. ती वळणारी मात्र जवळजवळ नेहमीच बाई असते आणि ती सोलापूरच्या पूर्व भागात आपल्या घराच्या उंबऱ्याशी बसलेली असते. या दोघांची कधी भेट होत नाही. एका बोटाएवढ्या निमुळत्या वस्तूने जोडलेल्या या दोन आयुष्यांपैकी तिच्या आयुष्याची ही हकिकत आहे.

सकाळची वर्दळ

रेल्वे स्थानकाकडून अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ या बाजूला वळले की शहराची भाषा हळूहळू बदलू लागते. दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या जोडीला तेलुगू अक्षरे दिसतात. कानावर ‘अक्का’, ‘अम्मा’ अशा हाका येतात. ही वस्ती प्रामुख्याने पद्मशाली समाजाची. विणकाम हा यांचा परंपरागत व्यवसाय. हातमाग आणि गिरण्यांच्या कामासाठी तेलंगणातून ही कुटुंबे पिढ्यांपूर्वी सोलापुरात आली आणि इथलीच झाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा हा सारा भाग रस्त्यावर उतरतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारी कन्नड असा तीन भाषांचा संसार इथे सहज चालतो.

या भागात माणसांची विभागणीही जणू ठरून गेलेली. पुरुष मागावर आणि बाई विडीवर. सकाळच्या वेळी गल्ल्यांतून बायकांची वर्दळ सुरू होते. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर टोपली, तीवर ओले फडके झाकलेले. त्यात असतात आदल्या दिवशी वळलेल्या विड्या. विडी कारखान्याच्या जवळच्या शाखेत जायचे, विड्या मोजून द्यायच्या, नवीन पान आणि तंबाखू घ्यायची आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचे. घरी स्वयंपाक, धुणे, मुलांची शाळा हे सगळे वाट पाहत असतेच.

बाहेरून आलेल्या माणसाला ही वर्दळ एखाद्या बाजारासारखी वाटते. पण शाखेच्या दारात गेले की बायकांच्या चेहऱ्यांवरचा ताण दिसतो. कारण आता परीक्षा असते. विड्या तपासणारा माणूस बंडल हातात घेतो, दाबून पाहतो आणि सैल, आखूड किंवा फाटकी वाटलेली विडी बाजूला टाकतो. बाजूला पडलेल्या विडीची मजुरी नाही. नियमांनी या छाटणीला टक्केवारीची मर्यादा घातली आहे, पण नियम कागदावर असतो आणि तपासणारा समोर उभा असतो. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असल्यामुळे प्रत्येक टाकलेल्या विडीबरोबर तिच्या कामाचा एक तुकडा फुकट जातो.

सिगार, चिरूट आणि विडी

धूम्रपानाच्या जगात निमुळत्या आकाराचा मोठा थाट आहे. क्युबातल्या हवाना शहरात बनणाऱ्या काही प्रसिद्ध सिगार टोकाकडे निमुळत्या होत जातात. ‘मॉन्टेक्रिस्टो’ या १९३५ साली सुरू झालेल्या नावाची दोन क्रमांकाची सिगार त्यांतली सर्वांत ओळखीची. अशी सिगार ओढण्यापूर्वी तिचे बंद टोक कापावे लागते आणि त्या कापण्याचे एक शास्त्रच शौकिनांनी बनवले आहे. खास पात्याची छोटी कात्री घ्यायची. टोक आधी अगदी थोडे कापायचे, धूर नीट येतो का ते पाहायचे आणि गरज वाटली तरच आणखी थोडे कापायचे. निमुळत्या टोकाचा फायदा हाच, की भोक किती मोठे ठेवायचे हे ओढणाऱ्याच्या हातात राहते. पण एकदम खाली कापले तर वरचे पान सुटू लागते आणि महागडी सिगार उलगडून जाते.

सिगारच्या या थाटाला आपल्या देशातही एक घरचे भावंड आहे. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल भागात बनणारे ‘चिरूट’. हा शब्दच मुळी तमिळ. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेली वस्तू. त्याचा इंग्रजांनी ‘शेरूट’ केला आणि मराठीत तो चिरूट होऊन बसला. त्रिचीचे चिरूट विलायतेत इतके पोचले होते, की शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत त्यांच्या राखेचा उल्लेख येतो.

विडी या कुटुंबातली सर्वांत धाकटी आणि सर्वांत गरीब. पण आकार तोच, एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळता होत जाणारा. फरक एवढाच की विडी ओढणाऱ्याला काहीच कापावे लागत नाही. खिशातून काढायची, बोटांत फिरवायची, निमुळते अंग ओठांत धरायचे आणि काडी ओढायची. कात्रीचे सारे काम त्याच्यापर्यंत पोचण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. सिगारचा शौकीन एका सिगारमागे एकदा कात्री चालवतो. विडी वळणारी बाई दिवसातून शेकडो वेळा चालवते.

पान, कात्री, दोरा

विडीचे पान सोलापूरच्या आसपास पिकत नाही. ते येते दूरच्या जंगलांतून. हे झाड म्हणजे तेंदू, मराठीत टेंभुर्णी. आपल्याकडे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात पहाटे उठून आदिवासी आणि गावकरी कुटुंबे ही पाने तोडतात, मोजून त्यांचे पुडे बांधतात आणि उन्हात वाळवतात. पावसाचा एक शिडकावा झाला तरी पान डागाळते. वाळलेली पाने पोत्यांत भरून विडीच्या गावांकडे निघतात. तंबाखू येते ती गुजरातेतल्या चरोतर भागातून आणि सीमाभागातल्या निपाणीच्या परिसरातून. म्हणजे एका विडीसाठी जंगल, शेत आणि शहर अशा तिघांची गाठ पडते.

घरी आणलेले वाळके पान ठिसूळ असते. ते आधी पाण्यात भिजवायचे, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. रात्रभरात ते मऊ, लवचीक होते. मग कात्री निघते. पानावर पत्र्याचा किंवा लोखंडाचा चौकोनी तुकडा ठेवायचा आणि त्याच्या कडेने पान कापून घ्यायचे. हे विडीचे माप. पान मोठे असेल तर त्यातून दोन तुकडे निघतात, कधी तीन. पान फाटके, छिद्राचे किंवा लहान असेल तर एकही नाही. पानाच्या शिरा जाड असतील तर त्या अलगद खरवडून काढाव्या लागतात, नाहीतर वळताना पान तडकते.

इथेच या कामातला पहिला तोटा दडलेला असतो. हजार विड्यांसाठी पाने वजनावर मिळतात. पाने चांगली निघाली तर पुरतात. खराब निघाली तर कमी पडतात आणि ती तूट भरून काढण्यासाठी बाईला स्वतःच्या पैशाने बाजारातून पान विकत घ्यावे लागते. कारखान्याला हजार म्हणजे हजारच विड्या हव्या असतात. म्हणून कापताना तिची नजर शिंप्यासारखी चालते. कोणत्या बाजूने कापले तर एक तुकडा जास्त निघेल, याचा हिशेब हात थांबण्यापूर्वीच झालेला असतो.

मग मांडीवर सूप येते. सुपात एका बाजूला कापलेले पान, दुसऱ्या बाजूला तंबाखू. डाव्या हातात पान, उजव्या हाताच्या चिमटीत तंबाखू. एका विडीत तंबाखू असते जेमतेम पाव ग्रॅमच्या आसपास. ती पानावर सारखी पसरायची आणि पान तिरके धरून बोटांनी गुंडाळायचे. या तिरकेपणामुळेच विडी निमुळती होते. मग टोके बोटाने किंवा छोट्या काडीने आत दुमडायची आणि निमुळत्या अंगाला दोऱ्याचे दोन वेढे देऊन टाकायचे. सांगायला वेळ लागतो. सवयीच्या हाताला हे करायला काही सेकंद पुरतात. तरीही दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या तर दहा-बारा तास मोडतात आणि तेही घरातल्या दुसऱ्या कुणाची मदत मिळाली तर. दोरा बांधायला सासू बसते, पान कापायला शाळेतून आलेली मुलगी. मजुरीची नोंद मात्र एकाच नावावर होते.

पंचवीस विड्यांचे एक बंडल बांधले जाते. कारखान्यात ही बंडले भट्टीत शेकतात, त्यांवर छापील कागद चढतो आणि मग ती गावोगाव निघतात.

गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा

सोलापूरच्या विडीची गोष्ट गिरण्यांशिवाय सांगता येत नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. लोकांनी तिला पुढे ‘जुनी गिरणी’ हेच नाव दिले. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि शहराचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले. कामगारांच्या या शहराने १९३० साली इंग्रजांचा लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. शहरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आजही येणारा-जाणारा क्षणभर थांबतो.

पण काळ बदलला. जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली आणि पुढल्या दशकांत एकेका गिरणीचा भोंगा थांबत गेला. यंत्रमागांनी काहींना काम दिले, पण ते काम वीज आणि सुताच्या भावावर हेलकावे खाणारे. अशा वेळी कितीतरी घरांत चूल पेटती ठेवली ती विडीने. नवऱ्याला काम नसले, तो आजारी असला, दारूच्या नादी लागला किंवा हयात नसला, तरी बाईच्या सुपातली विडी थांबली नाही. दर आठवड्याला हातात येणारी रक्कम लहान होती, पण ती येत होती. तिच्यावर मुलींची लग्ने झाली, मुलांच्या वह्या आल्या, भिशी भरली गेली.

म्हणूनच सोलापुरात विडीबद्दल बोलताना सावध राहावे लागते. जी वस्तू ओढणाऱ्याच्या आरोग्याचा नाश करते, तिनेच हजारो घरे सावरलेली आहेत.

भिंती नसलेला कारखाना

क्युबाच्या सिगार कारखान्यांची एक सुंदर प्रथा आहे. सिगार वळणारे कामगार एका मोठ्या दालनात रांगांनी बसतात आणि उंच आसनावरून एक वाचक त्यांना वर्तमानपत्रे, कादंबऱ्या वाचून दाखवतो. १८६५ साली हवानामध्ये ही प्रथा सुरू झाली. हात सिगार वळतात आणि कान गोष्ट ऐकतात. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे नावही कामगारांच्या आवडत्या एका फ्रेंच कादंबरीवरूनच पडल्याचे सांगतात.

सोलापूरच्या बाईला असे दालन नाही. तिचा कारखाना म्हणजे तिचीच ओसरी. वाचकाची जागा रेडिओने घेतली, नंतर दूरदर्शनच्या मालिकांनी आणि आता मोबाईलने. घरी बसून काम करता येते ही सोय खरी. चुलीवरचे दूध उतू जात नाही, पाळण्याची दोरी हाताशी राहते. पण याच सोयीमुळे ती एकटी पडते. एका छपराखाली बसणारे कामगार एकमेकांशी बोलतात, संघटना बांधतात, मालकाला जाब विचारतात. हजारो उंबऱ्यांवर विखुरलेल्या बायकांना मालक हे कामगारच मानत नसत. त्या आपल्या घरी, आपल्या सवडीने काम करतात, त्यांचा आमचा संबंध फक्त मालापुरता, असे उत्तर तयार असे.

हे उत्तर मोडून काढायला बराच काळ लागला. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी एक कायदा केला. गंमत अशी की श्रीमंतांची सिगार आणि गरिबांची विडी या कायद्यात एकाच ओळीत बसल्या. घरी बसून विडी वळणारी बाईही कामगार आहे, हे त्यात स्पष्ट झाले. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. विड्यांवरच्या उपकरातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती आणि घरांसाठी मदत मिळू लागली. भविष्यनिर्वाह निधीही या उद्योगाला लागू झाला आणि घरखात्यावर काम करणाऱ्यांनाही तो मिळालाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला.

कागद महत्त्वाचा असतो, हे या बायकांनी यातून ओळखले. ओळखपत्र आणि निधीची नोंद त्या दागिन्यांसारखी जपतात. कारण ओळखपत्र असले तर दवाखाना, शिष्यवृत्ती आणि घर. नसले तर ती फक्त कुणाची तरी बायको किंवा सून.

पुढे काळाने इथेही उलटापालट केली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवरचा तो कल्याण उपकर बंद झाला. १९६६ चा कायदाही २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत सामावून टाकण्यात आला. स्वतःच्या नावाचा कायदा असण्याचे जे बळ होते, ते मोठ्या संहितेत किती टिकेल, ही शंका कामगार संघटना बोलून दाखवत असतात.

कुंभारीची दहा हजार दारे

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडते, माळरान सुरू होते आणि कुंभारी गावाजवळ अचानक घरांच्या रांगाच रांगा दिसू लागतात. एकसारखी, छोटी, दोन खोल्यांची घरे. कुणी पुढे पत्र्याची पडवी काढलेली, कुणी दारात तुळस लावलेली, कुणी भिंतीला झगझगीत गुलाबी रंग दिलेला. अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेले भाविक गाडीच्या खिडकीतून ही वस्ती पाहतात आणि एखादी सरकारी वसाहत असेल म्हणून पुढे जातात. त्यांनी पाच मिनिटे थांबायला हरकत नाही.

ही आहे कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. घरे दहा हजार. मालक विडी कामगार स्त्रिया. जिचे नाव वसाहतीला दिले त्या गोदावरी परुळेकर म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या १९४५ च्या लढ्याच्या नेत्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता.

या घरांमागे विडी कामगारांच्या लाल बावट्याच्या संघटनेची आणि तिचे नेते, माजी आमदार नरसय्या आडम यांची वर्षानुवर्षांची खटपट होती. मोर्चे, धरणी, मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या हे सगळे झाले. घराच्या खर्चाचे साधारण तीन समान वाटे ठरले. वीस हजार रुपये केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार त्या बाईचे. शहरात साठ हजारांचे घर ऐकूनही कुणाला हसू आले असते असा तो काळ. पण विडी वळणाऱ्या बाईला वीस हजार म्हणजे किती विड्या, हे ज्याचे त्याने मनाशी मोजून पाहावे. तो वाटा भरला गेला. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले.

आपल्याकडे घर बापाचे, मग नवऱ्याचे आणि शेवटी मुलाचे असते. भाड्याच्या एका खोलीत सहा-सात माणसे, तिथेच चूल, तिथेच तंबाखूचे सूप आणि घरमालकाची रोजची बोलणी, अशी वर्षे काढलेल्या बाईच्या नावावर घर होणे म्हणजे काय, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. घरातून निघून जा, असे आता तिला कुणी सहज म्हणू शकत नाही.

अर्थात सगळे सुरळीत होते असे नाही. शहर दूर, पाणी तुटपुंजे, बस कमी, विडीची शाखा लांब असे प्रश्न सुरुवातीपासून पाचवीला पुजलेले. बायकांनी त्यांसाठीही हंडे घेऊन मोर्चे काढले. हळूहळू शाळा आल्या, दुकाने आली, रिक्षा आल्या. याच कुंभारीच्या माळावर पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा ‘रे नगर’ प्रकल्प उभा राहू लागला. त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आणि तिसऱ्याच विचाराची संघटना एकाच माळावर एकत्र आली, ती घर मागणाऱ्या कामगारांमुळे.

धुराची किंमत

इतके वाचून विडीबद्दल कुणाच्या मनात जिव्हाळा निर्माण झाला, तर तो वळणाऱ्या बाईपुरताच ठेवावा. विडी लहान असते, तिच्यात तंबाखू थोडी असते, वरून झाडाचे पान असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा कमी वाईट, असा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे. तो साफ चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज आत जात नाही. त्यामुळे विडी विझू द्यायची नसेल तर ती वरचेवर आणि जोर लावून ओढावी लागते. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड हे विषारी पदार्थ सिगारेटच्या मानाने अधिकच छातीत जातात. तोंडाचा, घशाचा, फुफ्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, दमा हे सगळे तिच्या मागोमाग येतात. सिगार तरी सुरक्षित असते का? तिचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, पण तोंड आणि घसा त्यातून सुटत नाहीत.

वळणारी बाई विडी ओढत नाही, पण तंबाखू तिलाही सोडत नाही. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. ओल्या बोटांच्या कातडीतूनही निकोटीन अंगात शिरते. खोकला, मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ या तक्रारी या वस्तीत नवीन नाहीत. मांडी घालून, मान खाली घालून तासन् तास बसल्याने पाठ आणि मान धरते. त्याच खोलीत तान्हे मूल झोपलेले असते आणि त्याच हातांनी भाकरी थापली जाते. ज्या घरांत हे काम चालते तिथे निदान काही गोष्टी पाळता येण्यासारख्या आहेत. तंबाखूचे सूप स्वयंपाकापासून आणि पाळण्यापासून दूर ठेवावे, काम मोकळ्या हवेत करावे, नाकातोंडावर ओला रुमाल बांधावा आणि उठल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. गरोदरपणात तर या कामापासून जितके लांब राहता येईल तितके चांगले.

पुढची पिढी काय करील?

देशात विडी ओढणारे हळूहळू कमी होत आहेत. सरकारच्या तंबाखूविषयक पाहणीत २००९-१० साली प्रौढांपैकी ९.२ टक्के लोक विडी ओढत होते. २०१६-१७ साली हे प्रमाण ७.७ टक्क्यांवर आले. डॉक्टरांच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी आणि ती तशीच आहे. पण सरकारी नोंदीनुसार देशात सुमारे पन्नास लाख विडी कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. एक झुरका कमी झाला की कुठेतरी एका सुपातले पानही कमी होते. मागणी घटली की शाखा आठवड्यातले काही दिवसच माल देते आणि बाईच्या हाताला सक्तीची सुटी मिळते.

मग विडी चालू राहावी काय? असे उत्तर कुणीही शहाणा माणूस देणार नाही आणि खुद्द विडी वळणाऱ्या बायकाही देत नाहीत. आपल्या मुलीने सूप मांडीवर घेऊ नये, असेच त्यांतल्या बहुतेकींना वाटते. म्हणून तर शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी त्या रांगेत उभ्या राहतात. पण उपदेशाने चूल पेटत नाही. विडी सोड म्हणणाऱ्याने दुसरे काय धर, हेही सांगायला हवे. आणि ते काम असे हवे की जे घराजवळ मिळेल, पन्नाशीच्या बाईला झेपेल आणि ज्याची मजुरी बुडणार नाही.

सोलापुरात त्याच्या खुणा दिसू लागल्या आहेत. शालेय गणवेश शिवण्याच्या उद्योगाने इथे चांगले मूळ धरले आहे आणि तरुण मुली शिलाई यंत्राकडे वळत आहेत. टॉवेल, चादरी, कपडे यांच्या कारखान्यांत घडी घालणे, बांधणे अशी कामे मिळतात. पान कापताना एक तुकडा जास्त कसा काढावा हे ज्या नजरेला कळते, तिला कापड कापायला शिकणे अवघड नाही. अवघड आहे ते यंत्र घेण्याचे भांडवल आणि शिकण्याच्या महिन्यांतली भाकरी. ती सोय सरकारने आणि शहरातल्या उद्योजकांनी केली तर कात्री तीच राहील, फक्त पानाच्या जागी कापड येईल.

सोलापूरला जाणाऱ्यांनी भुईकोट किल्ला पाहावा, सिद्धेश्वर तलावाच्या काठी संध्याकाळ घालवावी, चार हुतात्म्यांना नमस्कार करावा आणि चादर जरूर घ्यावी. मुंबई-पुण्याहून रेल्वेने पोचणे सोपे आहे. शहरातून अक्कलकोटला जाणारी एस. टी. कुंभारीवरूनच जाते. वसाहतीत उतरलेच तर दुपारच्या वेळी जावे. दारोदार सुपे मांडलेली असतात, कात्र्यांचा कुरकुर आवाज चालू असतो आणि आतल्या खोलीतून कुणाच्या तरी मुलीचा मोठ्याने पाठ म्हणण्याचा आवाज येतो. आई तिला मध्येच उठवून पान कापायला बोलावत नसेल, तर कुंभारीच्या त्या घराचे पैसे फिटले असे समजावे.